माळावरचे पक्षी आणि मुलांच्या कविता

मुलांसाठी पक्ष्यांच्या आणि निसर्गाच्या कवितांचे सचित्र पुस्तक करायचे झाल्यास ते कसे असावे, असे गेल्या अंकात आम्ही वाचकांना विचारले होते. त्यावर सोलापूर शहरातून आणि जिल्ह्यातून बरीच पत्रे आली. त्यांतली सहा पत्रे थोडी संक्षिप्त करून येथे घेतली आहेत. पत्रलेखकांच्या इच्छेनुसार त्यांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : मी सत्तर वर्षांची आजी आहे. नातवंडांना सांगता सांगता पक्षी, झाडे, पाऊस यांच्यावर चाळीसएक कविता लिहून झाल्या आहेत. मुलगा म्हणतो, त्यांचे पुस्तक काढू. त्या छापण्यासारख्या आहेत का, हे मला कोणी स्पष्ट सांगत नाही. एका कवितेच्या पहिल्या दोन ओळी अशा आहेत : ‘कोकिळा गाते आंब्यावरती, गोड गळ्याची तिची कीर्ती.’

उत्तर : आजी, आपल्या ओळी आधी तोंडात घोळल्या आहेत आणि मग कागदावर उतरल्या आहेत, हे वाचताक्षणी कळते. मुलांच्या कवितेला हा गुण सर्वांत आधी लागतो आणि तो शिकवून येत नाही. तो आपल्यापाशी असल्यामुळेच उरलेल्या गोष्टींविषयी मोकळेपणाने लिहिते.

पहिली गोष्ट पक्ष्याची. आंब्यावर बसून ‘कुहू कुहू’ करतो तो कोकिळ, म्हणजे नर. तो चकचकीत काळा असतो आणि त्याचे डोळे लालभडक असतात. मादी तपकिरी रंगाची असून तिच्या अंगभर पांढरे ठिपके असतात, आणि तिचा आवाज ‘किक् किक्’ असा तुटक व कर्कश असतो. मराठी कविता पिढ्यान्‌पिढ्या कोकिळेलाच गायला लावत आली आहे आणि मोठ्यांच्या कवितेत तो संकेत म्हणून चालूनही जातो. परंतु आपला सहा वर्षांचा नातू ही कविता ऐकून चैत्रात आंब्याखाली जाऊन उभा राहणार आहे. वर बघून ‘आजी, ही तर काळी आहे, मग ठिपक्यांची कोण?’ असे त्याने विचारले, तर कवितेने त्याला तोंडघशी पाडलेले नसावे. मुलांसाठी लिहिताना आधी पक्षी बघावा आणि मग यमक जुळवावे, हा क्रम मी फार महत्त्वाचा मानते.

दुसरी गोष्ट मात्रांची. ऱ्हस्व अक्षराची एक आणि दीर्घ अक्षराची दोन असे मोजले, तर आपल्या पहिल्या ओळीत सतरा मात्रा होतात आणि दुसरीत पंधरा. म्हणताना आपण कुठे आवाज लांबवून, कुठे आवरून ते सांभाळून घेता; पण पुस्तकातून वाचणाऱ्या मुलाला आपला आवाज ऐकू येणार नाही. त्याला ओळीनेच हात धरून न्यायला हवे. आठ-आठ मात्रांचे दोन गट करून सोळा मात्रांची ओळ बांधली की ती आपोआप टाळीवर येते. आपल्याच कल्पनेवर मी असा एक प्रयत्न करून पाहिला :

पानांआडुन कोकिळगाणी,
डोळे त्याचे गुंजांवाणी;
घरटे नाही त्याला ठावे,
कावळिणीने पिलू जपावे.

ही कविता आपण घ्यावी असे मुळीच नाही, आपली आपण नव्याने लिहावी. दाखवायचे एवढेच होते की ‘गोड’ हा शब्द काढून टाकल्यावर तेथे दुसरे काही बघायला जागा होते. गुंज लाल असते आणि तिच्यावर काळा ठिपका असतो. कोकिळाचा डोळा नेमका तसाच दिसतो, आणि ज्या मुलाने गुंज हातात घेतली असेल त्याला तो डोळा पुन्हा विसरता येणार नाही. ‘गोड’, ‘सुंदर’, ‘छान’, ‘इवले इवले’ हे शब्द प्रत्येक पक्ष्याला सारखेच लागू पडतात, म्हणून ते कोणत्याच पक्ष्याविषयी काही सांगत नाहीत. आपल्या चाळीस कवितांतून हे चार शब्द शोधून काढावेत आणि प्रत्येकाच्या जागी त्या पक्ष्याची एक खूण बसवता येते का, ते पाहावे. जेथे खूण सुचणार नाही, तो पक्षी अजून पुरेसा बघून झालेला नाही असे समजावे आणि ती कविता तूर्त बाजूला ठेवावी.

आपण पाठवलेल्या इतर कवितांपैकी तीन कवितांचा शेवट ‘म्हणून मुलांनो, पक्ष्यांवर दया करा’ अशा अर्थाच्या ओळींनी झाला आहे. त्या ओळी सरळ कापून टाकाव्यात. टिटवी गोट्यांमध्ये अंडी घालते आणि जवळ कोणी आले की जिवाच्या आकांताने ओरडत डोक्यावर घिरट्या घालते, हे आपण इतके चांगले लिहिले आहे की दया त्यातच आलेली आहे.

प्रश्न : मी चादरींच्या नक्षीचे काम करतो. ग्राफच्या कागदावर चौकटी भरून मोर, पोपट, हंस काढण्यात माझी वीस वर्षे गेली. आता एका मित्राने मुलांच्या कवितांच्या पुस्तकासाठी चित्रे मागितली आहेत. पक्षी हुबेहूब काढावेत की माझ्या पद्धतीने नक्षीदार काढावेत?

उत्तर : आपल्या पद्धतीनेच काढावेत, असे माझे ठाम मत आहे. पक्ष्यांची हुबेहूब चित्रे आणि छायाचित्रे आज मोबाईलवरही मिळतात. मात्र जकार्ड मागावर उतरण्यासाठी चौकटीचौकटीतून घडवलेला मोर सोलापूरच्या मुलांनी जन्मापासून पांघरला आहे. तो मोर पुस्तकाच्या पानावर भेटला तर त्यांना ओळखीचे माणूस भेटल्यासारखे वाटेल. चित्र नक्षीदार असल्याने खोटे होत नाही. पक्ष्याची खूण चुकली की ते खोटे होते, आणि हुबेहूब काढलेल्या चित्रातही खूण चुकू शकते.

मागे मी एका मुलीला भेट देण्यासाठी पक्ष्यांच्या गाण्यांचे एक महागडे पुस्तक विकत घेतले होते. घरी येऊन उघडले तेव्हा दिसले की त्यातल्या पोपटाने फांदी धरली होती ती पुढे तीन बोटे आणि मागे एक, अशी. पोपटाची दोन बोटे पुढे आणि दोन मागे असतात. त्यामुळेच तो पेरूची फोड पायात धरून खाऊ शकतो. त्याच पुस्तकात उडणाऱ्या बगळ्याची मान समोर ताणलेली होती. बगळा उडताना मान आखडून खांद्यांत घेतो. मान सरळ ताणून उडतो तो रोहित, म्हणजे फ्लेमिंगो. ज्या मुलाने उजनी धरणाच्या काठावर हे दोन्ही पक्षी उडताना पाहिले आहेत, ते मूल चित्रकाराच्या आधी हे ओळखते. मी ते पुस्तक भेट दिले नाही.

तेव्हा प्रत्येक पक्ष्याच्या तीन-चार खुणा आधी लिहून घ्याव्यात : चोच कशी आहे, पाय कसे आहेत, तो बसतो कसा आणि उडतो कसा. एवढे सांभाळले की पिसांवर आपली हवी ती नक्षी काढायला आपण मोकळे आहात. रोहिताची वाकडी चोच विनाकारण वाकडी नसते. डोके उलटे करून तो ती पाण्यात बुडवतो आणि चिखलपाणी गाळून त्यातले जीव खातो. ही एक गोष्ट माहीत झाली की चित्रातल्या रोहिताची मान आपोआप योग्य जागी वळते.

हंसाविषयी वेगळे सांगायला हवे, कारण आपण त्याचा उल्लेख केला आहे. नारिंगी चोचीचा, पांढराशुभ्र, इंग्रजी ‘एस’सारख्या मानेचा जो हंस आपण चादरींवर आणि कॅलेंडरांवर पाहतो, तो युरोपातल्या तळ्यांवरचा आहे. आपल्याकडे हिवाळ्यात उजनीच्या पाण्यावर येतो तो पट्टकदंब. त्यालाही मराठीत राजहंस म्हणतात. तो राखाडी रंगाचा असतो आणि त्याच्या डोक्याच्या मागच्या बाजूला दोन काळ्या पट्ट्या असतात. हिमालय ओलांडून तो आपल्या जिल्ह्यात उतरतो, यापेक्षा मोठी परीकथा मुलांना आणखी कोणती सांगायची? आपल्या चौकटींच्या कागदावर त्या दोन पट्ट्या फार देखण्या उमटतील.

सुगरणीचे पान मात्र आपण स्वतःसाठी राखून ठेवावे. नाव स्त्रीलिंगी असले तरी घरटे विणतो तो नर. पावसाळ्यात त्याचा माथा पिवळाधमक होतो. उसाच्या, गवताच्या पात्यांच्या बारीक पट्ट्या चोचीने सोलून काढून तो त्यांना गाठी मारत मारत विहिरीवरच्या बाभळीला घरटे टांगतो. अर्धे विणून झाले की मादी येऊन तपासते. तिला पसंत पडले तरच तो खालची नळी पूर्ण करतो, नाहीतर दुसरे विणायला घेतो. मागावर बसलेल्या माणसांच्या गावात हा विणकर पक्षी कोणी काढायचा असेल, तर तो आपणच काढायला हवा.

रंगांविषयी एकच सांगते. मुलांच्या पुस्तकात निसर्ग म्हटला की पानभर हिरवा रंग ओतण्याची सवय आपल्याकडे पडून गेली आहे. आपला माळ वर्षातून जेमतेम तीन महिने हिरवा असतो. एरवी कुसळी गवत सोनेरी, मग तांबूस आणि शेवटी पांढुरके होत जाते. हे चारही रंग पुस्तकात येऊ द्यावेत, म्हणजे आपला कोरडा माळही देखणा असतो हे मुलांना कोणी न सांगता समजेल.

प्रश्न : पुस्तकाला पाने किती असावीत? कागद कोणता घ्यावा?

उत्तर : छापखान्यात सोळा पानांचा एक फर्मा धरतात, त्यामुळे बत्तीस पाने म्हणजे दोन फर्मे, आणि मध्ये टाचण मारून ते पुस्तक सहज बांधता येते. आतले शीर्षकपान, प्रकाशनाची माहिती वगैरेला चार पाने गेली की अठ्ठावीस उरतात. समोरासमोरची दोन पाने एका कवितेला दिली तर चौदा कविता बसतात, आणि एका पुस्तकाला त्या पुष्कळ झाल्या. (वरच्या आजींनीही चाळीसांतून चौदा निवडण्याची तयारी ठेवावी.) गुळगुळीत आर्ट पेपरवर रंग उठून दिसतात खरे, पण रात्री दिव्याखाली वाचताना तो चकाकतो, जाड मॅपलिथोवर, म्हणजे बिनचकाकीच्या कागदावर, चित्र थोडे मवाळ येते आणि डोळ्यांना त्रास होत नाही. मी मॅपलिथो घेईन. अक्षर मोठे, निदान अठरा पॉइंटचे असावे आणि दोन ओळींमध्ये भरपूर जागा सोडावी, कारण देवनागरीत वरची वेलांटी आणि खालचा उकार एकमेकांना भिडले की नवशिक्या वाचकाची गाडी तेथेच अडते. कविता चित्रावर छापू नये. आयएसबीएन हा पुस्तकाच्या ओळखीचा क्रमांक राजा राममोहन राय यांच्या नावाच्या राष्ट्रीय संस्थेकडून विनामूल्य मिळतो. त्यासाठी कोणी पैसे मागितले तर देऊ नयेत. चित्रकाराशी मात्र मैत्री असली तरी लेखी करार करावा आणि चित्रांचे हक्क कोणाकडे राहतील ते त्यात स्पष्ट लिहावे.

प्रश्न : आम्ही होटगी रस्त्याकडे तिसऱ्या मजल्यावर राहतो. मुलगी चार वर्षांची आहे. तिला पक्ष्यांच्या कविता वाचून दाखवते, पण खिडकीतून दिसतात ती कबुतरे आणि कावळे. जे कधी दिसणारच नाही त्याच्या कविता वाचून काय उपयोग, असे माझे यजमान म्हणतात.

उत्तर : आपल्या यजमानांचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. चार वर्षांच्या मुलीला पहिली कविता कबुतराची आणि कावळ्याचीच वाचून दाखवावी. पण खिडकीत तेवढेच पक्षी येतात, यावर माझा विश्वास बसत नाही. साळुंकी, बुलबुल आणि घार सोलापुरात तिसऱ्या मजल्यावरूनही दिसतात. कुंडीत जास्वंद लावली तर शिंजीरही येईल. आठवडाभर सकाळी सात ते साडेसात या वेळात दोघींनी खिडकीत बसून पाहावे आणि मग मला कळवावे.

त्यानंतर नावांकडे वळावे, कारण आपल्या भाषेत पक्ष्यांची नावे हीच एकेक छोटी कविता आहे. उन्हाळ्याच्या भर दुपारी ‘टुक्‌ टुक्‌ टुक्‌’ असा एकसुरी ठोका ऐकू येतो तो तांबट. तांब्याच्या भांड्यावर हातोडी पडावी तसा त्याचा आवाज असतो. दोन पानांच्या कडांना चोचीने भोके पाडून, कापसाच्या आणि कोळिष्टकाच्या धाग्याने त्यांना टाके घालून जो घर शिवतो तो शिंपी. ओढ्याच्या काठी दगडावर शेपटी आपटत राहतो तो परीट, कोणी त्याला धोबीही म्हणतात. खोड ठोकत वर चढतो तो सुतार. आपल्याकडच्या एखाद्या जुन्या पेठेतून चालत जावे, तसे हे सगळे कारागीर झाडाझाडांवर दुकान मांडून बसले आहेत. पक्ष्यांच्या कवितांचे पुस्तक करणाऱ्या कोणालाही मी सुचवीन की ‘पक्ष्यांची पेठ’ असा एक विभाग करावा. त्यात एकही कल्पित गोष्ट घालावी लागणार नाही.

आणखी एक नाव मला फार आवडते. हिप्परग्याच्या तलावावर एक मोठे बदक दिसते. त्याच्या काळ्या चोचीचे टोक पिवळे असते आणि चोचीच्या मुळाशी दोन लाल ठिपके असतात. कोणा अनाम माणसाने त्याचे नाव हळदी-कुंकू ठेवले. चैत्रातले हळदी-कुंकू तुमच्या मुलीने घरात पाहिलेले असणार. एखाद्या रविवारी सकाळी तिला तलावावर नेऊन ते बदक दाखवावे आणि नाव तिलाच ओळखू द्यावे. ज्या पक्ष्याचे नाव मुलाने स्वतः उलगडले, त्याची कविता त्याला शिकवावी लागत नाही.

तेव्हा जे आज दिसत नाही त्याची कविताही वाचावी, कारण उद्या ते दिसले की ओळख लागते. फक्त ज्या पुस्तकात लालछातीचा रॉबिन बर्फावर उड्या मारतो, ते पुस्तक तिच्या हाती पहिल्यांदा देऊ नये. आधी शेजारपाजारची ओळख व्हावी. पाहुण्यांची नंतर होतेच.

प्रश्न : मी पूर्व भागातील एका शाळेत पहिली-दुसरीला शिकवते. माझ्या वर्गात घरी तेलुगू बोलणारी मुले बरीच आहेत, काही कन्नड बोलणारी आहेत. मराठी कवितेतले पक्ष्याचे नाव त्यांना परके वाटते. अशा वर्गासाठी पुस्तक कसे असावे?

उत्तर : बाई, आपल्या वर्गात एका चिमणीला तीन नावे आहेत, आणि ही अडचण समजू नये. तेलुगू घरातले मूल तिला पिच्चुक म्हणते, कन्नड घरातले गुब्बी म्हणते. मोर हा नेमलि आहे आणि नवीलूही आहे. पोपट हा चिलुक आहे आणि गिळीही आहे. कावळ्यापाशी तर सगळ्या भाषा जवळ येतात : कावळा, काकि, कागे. कारण तो स्वतःचे नाव स्वतःच ओरडून सांगतो, आणि आपण सगळ्यांनी ते त्याच्याकडूनच घेतले आहे. हे मुलांना सांगितले तर ती दिवसभर हसतील आणि त्याबरोबर ध्वनी म्हणजे काय ते शिकतील.

पुस्तकात प्रत्येक चित्राखाली तिन्ही भाषांतील नावे देवनागरीत छापावीत, एवढे मी प्रकाशकांना आवर्जून सांगेन. याला एका ओळीपेक्षा जास्त जागा लागत नाही. कविता मराठीच असावी. पण ध्रुपद आवाजाचे असावे. टिटवीचा ‘टिटीव टिटीव’, तांबटाचा ‘टुक्‌ टुक्‌’, पावशाचा ‘पेर्ते व्हा, पेर्ते व्हा’. पहिले दोन आवाज कोणत्याच भाषेचे नाहीत, त्यामुळे वर्गातले प्रत्येक मूल ते पहिल्या दिवशी म्हणू शकते. तिसरा मात्र अस्सल मराठी शेतकऱ्याने ऐकलेला आहे. ज्येष्ठात हा पक्षी ओरडू लागला की पेरणीची वेळ झाली असे तो समजतो. तेलुगू आणि कन्नड घरांतल्या आजी-आजोबांना त्याच हाकेत काय ऐकू येते, ते मुलांना विचारून यायला सांगावे आणि जे येईल ते फळ्यावर लिहावे.

नावांचा विषय निघाला आहे म्हणून सांगते. मारुती चितमपल्ली हे सोलापुरातच १९३२ साली जन्मले आणि १८ जून २०२५ रोजी सोलापुरातच निवर्तले. वनखात्यातल्या नोकरीत त्यांनी रानातल्या माणसांच्या तोंडची पक्ष्यांची नावे जन्मभर गोळा केली. ‘पक्षीकोश’ हे त्यांचे काम त्यातूनच उभे राहिले. त्यांचा जन्मदिवस ५ नोव्हेंबर आणि सालीम अली यांचा १२ नोव्हेंबर; या दोन तारखांमधला आठवडा महाराष्ट्रात पक्षी सप्ताह म्हणून पाळला जातो. आपल्या वर्गातल्या घराघरांतून नावे गोळा करायला तो आठवडा चांगला आहे. त्या सुमारास भोरड्याही आलेल्या असतात.

भोरडी हे नाव मी मुद्दाम लिहिले. पुस्तकात तिला पळसमैना म्हणतात आणि ते नाव सुरेखच आहे, कारण पळस फुलला की ती त्यातला मध प्यायला येते. पण ज्वारीच्या रानात माचणावर उभे राहून जो शेतकरी गोफण फिरवतो, तो तिला भोरडी म्हणतो. गुलाबी अंग, काळे डोके आणि काळे पंख असलेल्या या पक्ष्यांचे थवे मध्य आशियातून आणि पूर्व युरोपातून येतात. संध्याकाळी ते आकाशात असे वळतात की एकच मोठी चादर कोणीतरी झटकते आहे असे वाटावे. भोरड्या ज्वारीचे दाणे खातात तसे टोळही खातात. पुस्तकात दोन्ही नावे आणि दोन्ही बाजू याव्यात.

प्रश्न : आमची शाळा नान्नजपासून जवळ आहे. चौथीच्या मुलांना माळढोकावर कविता करायला सांगितली. एका मुलाने विचारले, ‘सर, मी तर माळढोक पाहिलाच नाही. माझ्या बाबांनी पाहिला आहे.’ मला उत्तर सुचले नाही. मुलांच्या पुस्तकात असा नाहीसा होत चाललेला पक्षी घ्यावा का? त्यांचे मन दुखावेल असे वाटते.

उत्तर : सर, तो पक्षी घ्यावाच. आपल्या परिसरात मुलांसाठी पक्ष्यांचे पुस्तक निघाले आणि त्यात माळढोक नसला, तर ते पुस्तक अपुरे राहील.

त्या मुलाने जे विचारले तीच कविता आहे. ‘माझ्या बाबांनी पाहिला आहे’ या वाक्यापासूनच त्याला सुरुवात करू द्यावी. त्याने घरी जाऊन बाबांना विचारावे : तो केवढा होता, कुठे उभा होता, तुम्ही तेव्हा काय करत होता, तो उडाला की चालत गेला? बाबा सांगतील की तो मेंढीच्या पाठीहून उंच होता, की त्याच्या डोक्यावर काळी टोपी होती, की तो घाईने न उडता मान वर करून गवतातून चालत गेला. नर माळढोक साधारण मीटरभर उंच असतो आणि त्याचे वजन पंधरा किलोपर्यंत भरू शकते. विणीच्या काळात तो गळ्याखालची पिशवी फुगवून जवळजवळ जमिनीपर्यंत लोंबू देतो आणि खोल, घुमणारा आवाज काढतो. त्या आवाजावरूनच त्याला हूम असेही नाव पडले. बाबांनी तो आवाज काढून दाखवला तर वर्गाला दुसरे काही सांगावे लागणार नाही.

मुलांपासून सत्य लपवू नये. पण ते त्यांच्या वयाला पेलेल अशा आकारात द्यावे. माळढोकासाठी आपल्या नान्नजचे अभयारण्य १९७९ साली घोषित झाले, हे त्यांना सांगावे. मादी बहुधा एकच अंडे घालते आणि तेही उघड्या जमिनीवर, त्यामुळे एक अंडे गेले तरी फार मोठे नुकसान होते, हेही सांगावे. गवताळ माळाला आपण पडीक जमीन म्हणत आलो आणि ती नांगरत, बांधत गेलो. हा जड पक्षी समोरचे नीट पाहू शकत नाही, म्हणून विजेच्या तारांवर आदळतो आणि आयत्या वेळी त्याला वळता येत नाही. देशभरात आता सुमारे दीडशेच माळढोक उरले असावेत आणि त्यांतले बहुतेक राजस्थानात आहेत, असे मानले जाते. पण याच्या पुढचेही सांगावे : जैसलमेर जिल्ह्यात २०१९पासून माळढोकाची अंडी उबवून पिले वाढवण्याचे काम चालू आहे आणि ती पिले तेथे मोठी होत आहेत. दहा वर्षांच्या मुलाला एवढे पेलते. त्याला पेलत नाही ते ‘तुम्हीच आता वाचवा’ हे ओझे. ते त्याच्या खांद्यावर कवितेतून देऊ नये.

चित्राविषयी माझ्या मनात एक कल्पना आहे. माळढोकाच्या कवितेसमोरच्या पानावर फक्त माळ असावा. उन्हाळ्याचे पांढुरके गवत, लांबवर चरणारी काळविटे, एखादी माळटिटवी, कडेला उभा असलेला लांडगा. हे सगळे नान्नजला आजही आहे. पक्षी त्या पानावर नसावा. पान उलटल्यावर मात्र तो पूर्ण दोन पाने व्यापून उभा असावा, काळ्या टोपीसह, मान ताठ करून. त्या मुलाच्या बाबांनी पाहिला तसा.

आणि केवळ माळढोकावर अडून बसू नये. वर्गाला माळावर घेऊन गेल्यास टिटवी नक्की भेटेल. मुलांना कोडे फार आवडते आणि कोड्यात कविता आपोआप होते. मी एक अर्धे लिहून ठेवले आहे, पुढचे त्यांच्याकडून करून घ्यावे :

गोट्यांमध्ये अंडी चार,
शोधत बसलो, झाली हार...

अंडी सापडलीच तर हात न लावता, दहा पावले मागे सरून पाहावे. उन्हाळ्यात टिटवी अंड्यांवरून फार वेळ दूर राहिली तर ती तापतात. मुलांनी केलेल्या पुढच्या ओळी आम्हाला जरूर पाठवाव्यात. पक्षी सप्ताहाच्या अंकात त्यांच्यासाठी एक पान राखून ठेवले आहे, आणि चादरींची नक्षी काढणाऱ्या आपल्या वाचकांनी त्या पानासाठी टिटवी काढून देण्याचे कबूल केले आहे.